‘नाव नसलेले’ पंचवीस : एलिझाबेथकालीन नाटकातील फौजेचे आणि रंगमंचाचे शब्द

‘पाचवा हेन्री’ या नाटकात ॲजिनकोर्टची लढाई संपल्यावर राजाच्या हातात मृतांची यादी येते. इंग्रजांच्या बाजूची यादी लहान आहे. यॉर्कचा ड्यूक, सफोकचा अर्ल, सर रिचर्ड केटली आणि डेव्ही गॅम नावाचा एक एस्क्वायर. ही चार नावे वाचून झाल्यावर राजा सांगतो की ‘नावाचा’ असा दुसरा कोणी पडला नाही; बाकीचे सगळे मिळून पंचवीस. मग ईश्वराचे आभार मानले जातात, आणि पुढच्या अंकात नाटक राजाच्या लग्नाच्या बोलणीकडे वळते.

माझ्याकडच्या आवृत्तीत ‘नाव’ या शब्दाला तळटीप आहे. टीप एका ओळीची : येथे नाव म्हणजे कुळ, हुद्दा, प्रतिष्ठा. टीपाकाराचे काम तेथे संपले. माझे तेथून सुरू झाले. कारण त्या पंचवीस जणांना आईबापांनी नावे ठेवलीच असणार. तरीही त्या काळच्या फौजी भाषेत ते ‘नाव नसलेले’ ठरतात, आणि मरणानंतरही त्यांना फक्त आकडा मिळतो. ज्यांच्या पूर्वजांना गावाच्या दप्तरात नावाऐवजी जातीनेच ओळखले गेले, त्या वाचकाला ही तळटीप नुसती भाषेची वाटणे शक्य नाही.

इंग्रजी शिकवणारे आम्ही मास्तर या टीपांकडे परीक्षेपुरते पाहतो. फौजेचे आणि रंगभूमीचे जुने शब्द म्हणजे पाठ करण्याचा कंटाळवाणा भाग. खरे साहित्य म्हणजे स्वगते, उपमा आणि मानवी मनाची गुंतागुंत, असे आम्हाला शिकवले गेले आणि आम्हीही तेच पुढे शिकवत आलो. दुसरीकडे चळवळीतले माझे मित्र विचारतात, ‘सर, शेक्सपिअरशी आपले देणेघेणे काय? तो राजेरजवाड्यांचा लेखक.’ या दोन्ही म्हणण्यांना माझे उत्तर एकच आहे. त्या नाटकांतले तळचे लोक जर कोठे राहत असतील, तर ते स्वगतांत राहत नाहीत; ते शब्दार्थांच्या यादीत राहतात. तेथे जाऊन त्यांची भेट घेतली पाहिजे.

सुरुवात एका साध्या चुकीपासून करतो. वर्गात एका विद्यार्थ्याने ‘एन्शंट पिस्टल’ याचे भाषांतर ‘प्राचीन पिस्तूल’ असे केले. वर्ग हसला. मला मात्र त्या मुलाचे हसू आले नाही, कारण ही चूक मुळात इंग्रजांचीच आहे. ‘एन्साइन’ म्हणजे निशाणबरदार. शिपायांच्या तोंडी त्याचा उच्चार बिघडत बिघडत ‘एन्शंट’ झाला आणि तोच पुस्तकात गेला. ‘ऑथेल्लो’मधला इयागो हाही असाच ‘एन्शंट’ आहे. लेफ्टनंटची जागा कॅसिओला गेली आणि आपल्या हाती निशाण राहिले, हे त्याच्या जळफळाटाचे एक कारण. अशिक्षित शिपायाने बिघडवलेला उच्चार शेक्सपिअरच्या छापील पानावर बसला की तो अभ्यासाचा विषय होतो. आमच्या मुलाच्या तोंडी बसला की तो ‘अशुद्ध’. हा हिशेब कोणी जुळवून दाखवावा.

आता ‘पायोनर’ हा शब्द घ्या. आज पायोनिअर म्हटले की आद्यप्रवर्तक, अग्रदूत असा अर्थ आपल्यापुढे येतो. सत्कारसमारंभात हा शब्द सढळ हाताने वाटला जातो. एलिझाबेथच्या काळी पायोनर म्हणजे फौजेपुढे कुदळ-फावडे घेऊन चालणारा माणूस. खंदक खणणे, रस्ता करणे, वेढा घातलेल्या शहराच्या तटाखालून सुरुंगासाठी भुयार पोखरणे, ही त्याची कामे. शिपायांत त्याची गणना सर्वांत खाली. ज्या शिपायाने बेपर्वाईने हत्यार गमावले त्याला शिक्षा म्हणून पायोनर करीत, असे त्या काळचे युद्धशास्त्रावरील लेखक सांगतात. म्हणजे एकासाठी जी शिक्षा, ती दुसऱ्याची रोजची भाकरी. आपल्याकडच्या फौजांतून हेच काम बेलदार करीत, आणि ‘बेलदार’ हे आपल्याकडे जातीचे नाव होऊन बसले आहे. कामाची जात होणे हे आपल्या देशाचे वैशिष्ट्य. पण कामाची पायरी ठरवून माणसाला तिच्यावर कायमचा बसवणे हे मात्र आपलेच एकट्याचे नाही.

शेक्सपिअरने हा शब्द कोठे वापरला ते पाहण्यासारखे आहे. ‘ऑथेल्लो’मध्ये संशयाने पोळलेला नायक म्हणतो की साऱ्या छावणीने, अगदी पायोनरांसकट, तिचा देह भोगला असता तरी चालले असते, मला ते कळायला नको होते. पायोनरचा उल्लेख का? तर विटाळाची शेवटची पायरी दाखवायला. मूर म्हणून स्वतः हिणवला गेलेला सेनापतीही आपल्या दुःखाचे माप काढायला खालच्याचाच देह वापरतो. आपल्यातही असे सेनापती पाहायला मिळतात, हे येथे कंसात नव्हे तर उघडच लिहितो.

‘हॅम्लेट’मधला प्रसंग वेगळा आहे, आणि माझ्या मते फौजेचा शब्द व रंगमंचाचा शब्द तेथे एकमेकांना भिडतात. बापाचे भूत तख्त्याखालून ओरडते. रंगमंचाच्या फळ्यांखाली पोकळ जागा असे. चोरदरवाजातून नट वर-खाली करीत. हॅम्लेट त्या जागेला थेट ‘तळघर’ म्हणतो आणि खाली हिंडणाऱ्या भुताला थट्टेने जमीन पोखरणारे जनावर व ‘पायोनर’ म्हणतो. फळ्यांखाली खरोखर एक नट अंधारात ओणवा होऊन जागा बदलत असणार, आणि प्रेक्षकाला ते ठाऊक असणार. राजा मेला की तो जमिनीखाली जातो आणि कुदळवाल्याचे नाव त्याला मिळते. हे नाव हॅम्लेट प्रेमाने देतो की चेष्टेने, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मार्क्सला मात्र हा प्रसंग फार आवडला. १८५२ च्या ‘अठराव्या ब्रूमेर’मध्ये त्याने ते पोखरणारे जनावर घेतले, आणि १८५६ मध्ये लंडनच्या भाषणात त्याने क्रांतीलाच त्या जनावराबरोबर पायोनरचेही नाव दिले. आमचे मार्क्सवादी मित्र ते जनावर आठवणीने सांगतात. कुदळवाल्याची आठवण त्यांना क्वचितच होते.

याच नाटकात पुढे हॅम्लेट शत्रूच्या सुरुंगाखाली आणखी हातभर खोल सुरुंग खणण्याची भाषा करतो, आणि ‘पेटार’ लावणारा त्याच पेटाराने उडण्याची मौज सांगतो. पेटार म्हणजे दरवाजा उडवण्याचे दारूचे भांडे. शब्द फ्रेंच, आणि त्याची व्युत्पत्ती पादण्याशी जाऊन भिडते. अभिजात शोकांतिकेतल्या एका प्रसिद्ध प्रतिमेचे मूळ असे आहे. ग्राम्यतेवरून दलित साहित्याला नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या आवडत्या लेखकाची शब्दार्थसूची एकदा नीट चाळावी.

पण सर्वांत जास्त रेंगाळण्याजोगी जागा म्हणजे ‘चौथा हेन्री’च्या दुसऱ्या भागातली फौजभरती. ग्लॉस्टरशरच्या खेड्यात जस्टिस शॅलोच्या दारी पाच माणसे उभी केली आहेत : मोल्डी, शॅडो, वॉर्ट, फीबल आणि बुलकाफ. म्हणजे बुरसट, सावली, चामखीळ, दुबळा आणि गोऱ्हा. गरिबांची नावे म्हणजे विनोद, ही रीत आपल्याकडेही आहे : धोंड्या, दगड्या, कचऱ्या. फॉल्स्टाफ एकेकाच्या नावावर कोटी करतो आणि यादीत ‘प्रिक’ करायला सांगतो. प्रिक म्हणजे नावापुढे टोचून ठिपका देणे. हा ठिपका पडला की माणूस फौजेत गेला. ‘ज्युलिअस सीझर’मध्येही तीन सत्ताधीश बसून कोणाला मारायचे त्यांच्या नावांवर असेच ठिपके देतात, एकाचा भाऊ, दुसऱ्याचा भाचा. तेथे आपण शहारतो. ग्लॉस्टरशरमध्ये हसतो. ठिपका तोच आहे.

त्यानंतर मोल्डी आणि बुलकाफ पैसे देऊन सुटतात. दोघांचे मिळून तीन पौंड झाल्याचे बार्डॉल्फ फॉल्स्टाफच्या कानात सांगतो. ज्याच्याकडे काहीच नाही तो फीबल, बायकांचे कपडे शिवणारा शिंपी, राहतो. मरण एकदाच द्यायचे असते, मी हलकट मन ठेवणार नाही, अशा अर्थाचे तो बोलतो. त्या सबंध दृश्यात ताठ मानेने बोलणारा तो एकटा. शेक्सपिअरने त्याचे हसे केले आणि सर्वांत उमदे वाक्यही त्यालाच दिले. याला काही समीक्षक ‘मानवतावादी सहानुभूती’ म्हणतात. मी एवढेच म्हणेन की लेखकाला ऐकू येत होते.

‘शॅडो’ या नावावर फॉल्स्टाफ जी कोटी करतो ती समजायला हजेरीपट माहीत हवा. कंपनीच्या हजेरीपटावर जी माणसे प्रत्यक्षात नसत त्यांना ‘सावल्या’ म्हणत; त्यांचा पगार कॅप्टनच्या खिशात जाई. मेलेल्या शिपायाचे नाव न खोडता त्याचा पगार उचलणे याला ‘डेड पे’, मृताचा पगार, असा शब्द होता, आणि हा प्रकार इतका रुळला होता की शंभर माणसांच्या कंपनीमागे सहा असे पगार सरकारनेच मान्य केले होते. पहिल्या भागात फॉल्स्टाफ स्वतः कबुली देतो : दीडशे माणसांच्या बदल्यात त्याने तीनशेहून अधिक पौंड केले, ज्यांची ऐपत होती ते सुटले, आणि उरले ते काढून टाकलेले नोकर, धंदा बुडालेले घोडेवाले, गुत्त्यातून पळालेले पोऱ्ये. साऱ्या कंपनीत मिळून सदरे दीड. लढाईनंतर त्या दीडशेतले तीनही धड उरत नाहीत, आणि जे उरतात ते गावाच्या वेशीवर जन्मभर भीक मागायला. फॉल्स्टाफने त्यांना मुद्दाम तोफेच्या तोंडी नेले, असे त्याच्याच बोलण्यावरून दिसते. मृताचा पगार हा शब्द ज्याला ठाऊक नाही त्याला यामागचा व्यवहार कळत नाही. तो फॉल्स्टाफच्या पोटाकडे बघून हसत राहतो. आमच्या मुलांना हे समजावून सांगायला मला कधीच वेळ लागला नाही. १९७२ च्या दुष्काळापासून कामांवरचा ‘मस्टर’ हा शब्द त्यांच्या घरात आहे, आणि मस्टरवरची खोटी नावे म्हणजे काय हे त्यांच्या आयांनी उन्हात खडी फोडताना पाहिलेले आहे. तोच मस्टर, तोच शब्द.

‘प्रेस’ हा दुसरा शब्द. सक्तीची भरती म्हणून आपण त्याचा अर्थ दाबणे, चेपणे असा धरतो. मुळात तो ‘प्रेस्ट’ आहे, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम. ती हातावर पडली की माणूस बांधला गेला. मराठीत याला नेमका शब्द आहे : उचल. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला उचल म्हणजे काय हे विचारा. वेडा झालेला लिअर राजा रानात कोणा काल्पनिक शिपायाच्या हातावर अशीच उचल ठेवतो. मुकुट गेला, पण भरती करण्याची सवय गेली नाही.

या उचलीची धाड खऱ्या लंडनवरही पडत असे. १५९६ च्या ईस्टरच्या रविवारी चर्चची दारे बंद करून आतल्या माणसांना कॅलेच्या मोहिमेसाठी पकडले गेले. १६०२ मध्ये तर नाटकगृहांनाच वेढा घालून प्रेक्षकांतून माणसे उचलली. तेव्हा नाटकात फौजभरतीच्या प्रसंगाला हसणारा उभा प्रेक्षक घरी परतेलच अशी खात्री नव्हती. तो कशाला हसत होता, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. हसण्याने भीती थोडी हलकी होते हे मला तमाशामुळे माहीत आहे.

या उभ्या प्रेक्षकाचे नाव ‘ग्राउंडलिंग’. पेनीभर देऊन उघड्या चौकात उभा राहणारा. हॅम्लेटच्या तोंडून हा शब्द आपल्याला मिळतो. त्याआधी तो तळाशी चिखलात राहणाऱ्या एका लहान माशाचे नाव होता. राजपुत्र नटांना अभिनयाचा धडा देताना म्हणतो की या माशांना मूकनाट्य आणि गोंगाटाखेरीज काही समजत नाही. हे वाक्य आमच्या सौंदर्यशास्त्राच्या व्याख्यानांत वेदवाक्यासारखे वापरले जाते. पण ते बोलताना ग्लोबच्या तख्त्यावरचा नट त्याच माशांच्या डोक्यांवरून बोलत होता, आणि त्यांच्या पेन्यांवर त्याची चूल पेटत होती. बेन जॉन्सनने तर खाली उभे राहणाऱ्यांना ‘समजणारे’ म्हणून कोटी केली, कारण इंग्रजीत समजणे आणि खाली उभे असणे या शब्दांत फरक थोडाच आहे. टोमणाच तो. मी तो शब्दशः घेतो.

रंगसूचनांचे शब्दही याच पद्धतीने वाचता येतात. राजा आला की ‘फ्लरिश’, तुताऱ्यांचा घोष. मिरवणुकीने येणाऱ्या बड्यांना ‘सेनेट’. सरदाराचा वा दूताचा ‘टकेट’. पायदळाला नगारा. म्हणजे कोण येतो आहे हे चेहऱ्याआधी वाजंत्रीवरून कळायचे. प्रत्येक प्रतिष्ठेला तिचा आवाज होता. वॉर्ट आणि फीबल यांच्यासाठी काहीच वाजत नाही. आणि वाजवणारा पडद्याआडच राहतो. हलगीवाल्याच्या घरात वाढलेल्याला ही व्यवस्था समजावून द्यावी लागत नाही : वाजवायचे आपण, मिरवायचे दुसऱ्याने.

‘अलारम’ आणि ‘एक्सकर्शन्स’ या दोन शब्दांवर अख्ख्या लढाया उभ्या असत. अलारम हा इटालियन हाळीतून आला, ‘हत्यारांकडे धावा’. आपल्या घड्याळाचा अलार्म तोच. एक्सकर्शन म्हणजे चार-पाच जणांनी तलवारी उपसून या दारातून त्या दारात धावणे. फौज एवढीच. ‘पाचवा हेन्री’चा सूत्रधार या मोडक्या तलवारींबद्दल प्रेक्षकांची माफीही मागतो. हे धावणारे कोण होते? कंपनीत भागीदार नट असत, नफा त्यांचा. त्यांच्याखाली रोजाने घेतलेली माणसे आणि शिकाऊ पोरे. पडद्यामागे खुंटीला एक कागद टांगलेला असे, कोणी केव्हा बाहेर जायचे याचा. त्याला ‘प्लॉट’ म्हणत. असे थोडेच कागद टिकले आहेत. त्यांपैकी १५९७ च्या सुमाराच्या ‘फ्रेडरिक अँड बॅसिलिआ’च्या कागदात शिपाई म्हणून ‘गॅदरर्स’ पाठवावेत अशी नोंद आहे. गॅदरर म्हणजे दारावर पेनी गोळा करणारा. पैसे गोळा करून झाले की त्याच्या हातात भाला द्यायचा. त्याचे नाव लिहायची गरज नाही.

नटाला त्याच्या वाट्याची वाक्येच तेवढी कागदाच्या पट्टीवर उतरवून मिळत. ती पट्टी गुंडाळलेली असे. इंग्रज तिला ‘पार्ट’ म्हणत, आणि आपल्या खेड्यातला नटही अजून ‘पार्ट केला’ असेच म्हणतो. ‘रोल’ हा शब्दही गुंडाळीचाच. फौजेच्या हजेरीची गुंडाळी तीही रोल, आणि आमच्या वर्गातला रोल नंबरही त्याच घरचा. ज्याला वाक्य नाही त्याला गुंडाळी नाही. तो रंगमंचावर असतो, मरतोही, पण कागदावर नसतो.

शिपाई आणि नट हे दोघे कायद्यानेही शेजारी होते. १५७२ च्या कायद्याने, ज्या नटाच्या डोक्यावर सरदाराचा हात नाही तो भटक्या-बदमाश ठरला. शिक्षा फटक्यांची आणि तापल्या लोखंडाने कान भोकण्याची. १५९७ मध्ये शिपाई व खलाशी असल्याचे सांगत भटकणाऱ्यांविरुद्ध वेगळा कायदा झाला, कारण युद्धावरून परतलेले लंगडे-लुळे रस्तोरस्ती दिसत होते. ‘पाचवा हेन्री’च्या अखेरीस पिस्टल नेमका याच रस्त्याला लागतो : चोरी करीन, आणि काठीने खाल्लेल्या वळांना युद्धाच्या जखमा म्हणेन. गुन्हेगार जमाती कशा ‘तयार’ होतात याचा हा एक जुना दाखला. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ मध्ये तसा कायदा केला तेव्हा त्यांच्याजवळ घरचा अनुभव होताच.

काही शब्दांवर धावती नजर टाकतो. ‘व्हिलन’ म्हणजे मुळात जमिनीला बांधलेला कुळवाडी. तोच पुढे दुष्टाचे नाव झाला. ‘बिझोनियन’ म्हणजे अंगावर धड कापड नसलेला नवा शिपाई, गरजवंत. तीही शिवी झाली. जातीच्या नावाची शिवी होताना आपण रोज ऐकतो, त्याहून यात वेगळे काही नाही. (तोफेच्या ‘चेंबर’ची गोष्ट मात्र सांगायचा मोह होतो. २९ जून १६१३ रोजी ‘आठवा हेन्री’च्या प्रयोगात राजाच्या आगमनाला चेंबर, म्हणजे आवाजाच्या लहान तोफा, उडवल्या, ठिणगी गवती छपरावर पडली आणि ग्लोब जळून गेले. माणूस मेला नाही. एकाच्या चोळण्याने पेट घेतला, तो बाटलीभर बिअर ओतून विझवला. राजाच्या इतमामाने नाटकगृहच जाळले.)

आता पुन्हा ॲजिनकोर्टकडे. लढाईच्या आधी राजा सैन्याला सांगतो की आज जो माझ्याबरोबर रक्त सांडेल तो माझा भाऊ. तो कितीही ‘वाइल’ असो, आजचा दिवस त्याला ‘जंटल’ करील. दोन्ही शब्द प्रतिष्ठेचे आहेत. वाइल म्हणजे दुष्ट नव्हे, हलक्या कुळाचा. जंटल हे येथे क्रियापद आहे : कुलीन करणे. म्हणजे राजा मृदूपणाचे नव्हे, वर्ण बदलण्याचे आश्वासन देतो. टीपाकार येथे हेन्रीच्या १४१७ च्या राजाज्ञेचा दाखला देतात. ॲजिनकोर्टला लढलेल्यांना मानचिन्हांच्या बाबतीत तीत सूट होती. असेल. पण नाटकात काय होते? लढाईनंतर फ्रेंचांचा दूत माँजॉय येतो आणि मैदानावर फिरण्याची परवानगी मागतो. कशासाठी? आमच्या सरदारांची प्रेते सामान्यांच्या प्रेतांपासून वेगळी करायची आहेत. आमचे राजपुत्र भाडोत्र्यांच्या रक्तात भिजून पडले आहेत, आणि कुणबटांचे हातपाय राजपुत्रांच्या रक्तात.

ही विनंती मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. मेल्यावरही रक्ताला रक्त लागू नये! दुसऱ्या वर्णनात त्या चिखलातल्या मिसळीला कोणी समता म्हटले असते. येथे ती तक्रार आहे, आणि जिंकणाऱ्या राजाला ती वावगी वाटत नाही. थोड्याच वेळाने तो स्वतः यादी वाचतो तेव्हा त्याचाही न्याय माँजॉयचाच : चार नावे, मग पंचवीस. सकाळी भाऊ, संध्याकाळी आकडा. इंग्लंडची सरंजामी पायरी आणि आपली जात एक नव्हे, हे मला कळते. तेथे पैशाने पायरी चढता येत असे, स्वतः शेक्सपिअरच्या घराण्याने १५९६ मध्ये मानचिन्ह मिळवले. पण पायरी चढून गेलेल्या माणसाने ही यादी लिहिली, आणि तिच्यातली उणीव त्याला दिसली की नाही हे नाटक बोलत नाही.

इंग्रजांची ही फौजी भाषा पुढे आपल्या देशात आली, म्हणून दोन गोष्टी सांगणे भाग आहे. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरली आहेत, आणि त्यांत ‘नाक’ प्रत्ययाची बावीस नावे आहेत. तेथे आमच्या माणसांना नाव मिळाले. बाबासाहेब १९२७ च्या १ जानेवारीला त्या स्तंभाशी गेले ते उगीच नव्हे. पण दगडावर नाव कोरणाऱ्या त्याच सरकारने १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिला. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडावे लागले. पंजाबात मजहबी शिखांच्या पलटणींना ‘पायोनिअर’ हेच नाव होते. रस्ते आणि खंदक त्यांचे काम. त्याही १९३० च्या दशकाच्या आरंभी मोडल्या. शब्द सातासमुद्रापार आला तो आपली पायरी बरोबर घेऊन.

शेक्सपिअर आपल्या बाजूचा होता असे मी म्हणत नाही. असे म्हणणाऱ्यांचा उत्साह मला पटत नाही. मी एवढे म्हणतो की त्याच्या नाटकात एक माणूस आहे, आणि त्याच्याकडे नीट पाहिले गेलेले नाही. लढाईच्या आदल्या रात्री वेष पालटलेल्या राजाशी वाद घालणारा शिपाई. युद्ध न्यायाचे नसेल तर तोडले गेलेले हातपाय आणि मागे उरलेली कर्जे व लेकरे यांचा जाब राजालाच द्यावा लागेल, असे तो तोंडावर सांगतो. त्याचे नाव मायकेल विल्यम्स. पण हे नाव रंगमंचावर कोणीच उच्चारत नाही. ते फक्त छापील पानावरच्या सूचनेत आहे. खाली उभ्या प्रेक्षकांना ते कधी कळलेच नसेल.

दुसऱ्या दिवशी खरा प्रकार उघड होतो. राजा त्याचा हातमोजा सोन्याच्या नाण्यांनी भरून द्यायला लावतो. फ्लुएलेन हा कॅप्टनही आपल्यातर्फे बारा पेन्स पुढे करतो. शिपायाचा रोजचा पगार तेव्हा आठ पेन्स होता. विल्यम्स सांगतो की मला तुमचे पैसे नकोत. फ्लुएलेन म्हणतो, घे, जोडे शिवायला होतील. त्यानंतर यादी येते, आणि विल्यम्स पुन्हा बोलत नाही. त्याने बारा पेन्स घेतले का, राजाचा मोजा घेतला का, खाली ठेवला का, याबद्दल पानावर एकही सूचना नाही. प्रयोग करणाऱ्यांना दर वेळी ते ठरवावे लागते. गेल्या वर्षी वर्गात आम्ही हा प्रवेश करून पाहिला. विल्यम्स झालेल्या मुलाने मोजा उलटा करून नाणी टेबलावर ओतली, आणि रिकामा मोजा हातात घालून तो जागेवर जाऊन बसला.